अभ्यासापुरता पंखा बंद

बाबा गेल्यानंतर बावीस दिवसांनी ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचं शटर वर गेलं, ते नवीन कपडे घ्यायला नव्हे, आलेले परत द्यायला. काचेवर तिने, त्यांच्या मुलीने, आदल्या दिवशीच कागद चिकटवला होता : 'ग्राहकांनी आपले धुतलेले कपडे घेऊन जावेत.' खाली कारण लिहिलं नव्हतं. बहुतेकांना ते माहीत होतं, आणि ज्यांना नव्हतं ते काउंटरवर उभं राहून विचारणारच होते.

आज दोन कामं होती. कपडे देण्याचं काम काकांनी अंगावर घेतलं होतं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, पोस्टातून निवृत्त झालेले. काउंटरमागे उभं राहायला मिळालं की त्यांची पाठ आपोआप ताठ होत असे. दुसरं काम तिचं एकटीचं होतं. मागच्या खोलीत इस्त्री करणाऱ्या मावशींना तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला आठ महिने उशीर झाला होता.

आठ महिन्यांपूर्वी, बाबांच्या मूत्राशयातली गाठ कॅन्सरची आहे हे सांगून झाल्यावर डॉक्टरांनी त्यांचा धंदा विचारला होता. ड्रायक्लीनिंग म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं.

"मशीनच्या खोलीत आणखी कोण असतं?"

"इस्त्रीला एक बाई आहेत," ती म्हणाली. "पंचवीस-सव्वीस वर्षं झाली."

"त्यांना सांगा, एकदा लघवी तपासून घ्या. घाबरवू नका, पण सांगा."

"सांगते," ती म्हणाली आणि वहीत लिहूनही घेतलं. पहिल्याच पानावर, खाली, चौकट करून. दुसऱ्या पानापासून लढाई सुरू झाली आणि पहिलं पान पुन्हा कोणी उलटून पाहिलं नाही.

लढाई हा शब्द तिचाच. ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला त्याच्या विषयाचा आकडा देऊन नेमक्या फळीवर पाठवायचं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे कुठलीही गोष्ट वाचून काढली की ती हाताबाहेर जात नाही अशी तिची समजूत होती. आठवड्याभरात तिने या रोगावरची नऊ पुस्तकं वाचली. निम्म्यांच्या मुखपृष्ठावर कोणीतरी डोंगर चढत होतं. त्या पुस्तकांतून ती शब्द आणत राहिली आणि बाबांच्या खाटेशी ठेवत राहिली, लोक फळं ठेवतात तसे. झुंज. जिद्द. हार मानायची नाही.

"अगं, मी शाळेतसुद्धा कुणाला चापट मारली नाही," बाबा म्हणाले होते. "आता या वयात मारामारी करू? आणि तीही स्वतःच्याच मुताच्या पिशवीशी?"

"बाबा, चेष्टा नको. तुम्ही मनाने हरलात तर औषध काय करणार?"

"म्हणजे हरलो तर ते माझ्यामुळे."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

तिने संत्रं सोलायला घेतलं.

पुढे एक दिवस असा आला की बाबा म्हणाले, "पुरे आता. मला घरी ने. खिडकीपाशी बसतो." ती म्हणाली, "एवढं लढलात, आता शेवटच्या टप्प्यात?" बाबांनी तिचं ऐकलं. आणखी एकदा सुया टोचून घेतल्या. त्या खेपेला त्यांना उचलूनच घरी आणावं लागलं, आणि खिडकीपाशी बसायचं ते राहिलंच.

दहा वाजले तशी गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिल्या आल्या त्या समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापकबाई. काकांनी त्यांचा करडा कोट दांडीवरून काढला, वरचं प्लास्टिक नीट केलं.

"फार झुंज दिली हो त्यांनी," बाई म्हणाल्या.

"शेवटपर्यंत," काका म्हणाले.

"ओढायचे का?"

"छे! विडी नाही, सिगारेट नाही. चहासुद्धा अर्धा कप."

"मग?"

"मग काय..."

बाईंचा चेहरा उतरला. बाबांबद्दलचं दुःख त्यात होतंच, पण आणखीही काही होतं. बाबा सिगारेट ओढत असते तर बाई कोट घेऊन निश्चिंत मनाने घरी गेल्या असत्या. आता रस्ताभर विचार करत जाणार होत्या, की आपणही ओढत नाही.

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या विमा एजंटाने आपलं मत दिलं. "टेन्शन! मनात ठेवणारा माणूस होता. बोलून टाकलं असतं तर आतल्या आत गाठ झाली नसती. आणि साखर. माझ्या मेव्हण्याने तीन महिने साखर सोडली, आज खडखडीत बरा आहे."

"कुठे होता त्याला कॅन्सर?" काकांनी विचारलं.

"कॅन्सर नव्हता. गळू होतं. पण डॉक्टरला शंका होती ना!"

काकांनी त्याची पँट त्याच्या हातात ठेवली. एरवी ती हसली असती. आज तिला त्या माणसाचा रागही आला नाही, कारण त्याच्या सुरात तिला आपला सूर ओळखू आला. आठ महिन्यांपूर्वी, डॉक्टरांकडच्या दुसऱ्या भेटीत तीही असंच बोलली होती, फक्त पुस्तकं वाचून.

डॉक्टर म्हणत होते, की या धंद्यातल्या लोकांमध्ये हा रोग थोडा जास्त आढळतो असं काही अभ्यासांत दिसतं. धुलाईच्या रसायनाची वाफ, बंद खोली, वर्षानुवर्षं. पण या एका माणसाला कशामुळे झाला, हे त्यांना सांगता येणार नव्हतं. ते कोणालाच सांगता येत नाही. तिला ते उत्तर पुरलं नाही. तिने पुढे सरकून म्हटलं होतं, "पंखा आहे, डॉक्टर. वाफ बाहेर टाकणारा, मशीनच्या बरोबर वर, भिंतीत. पण हे तो लावतच नाहीत. समोर बटण आहे, हात वर करायचा अवकाश. मी सांगून सांगून थकले."

सांगून सांगून म्हणजे दोनदा. एकदा फोनवर.

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आपल्या नखांकडे पाहिलं. रसायनाने ती कायम पांढुरकी, कोरडी असत.

"राहून गेलं," बाबा म्हणाले.

परत येताना टॅक्सीत ते एवढंच बोलले, की डॉक्टर चांगला आहे, नीट ऐकून घेतो.

दुपारी गर्दी ओसरली. ती मागच्या खोलीत गेली. खोली लांबट होती, खिडकी नसलेली. एका टोकाला गोल काचेच्या तोंडाचं धुलाईचं मशीन, दुसऱ्या टोकाला वाफेच्या इस्त्रीचं टेबल, मध्ये डाग काढायचं टेबल. त्यावर बाबांच्या बाटल्या, मऊ ब्रश आणि हाडाची चपटी पट्टी जिथल्या तिथे होती. मशीन तीन आठवडे बंद होतं तरी तो गोडसर वास भिंतींतून येत होता. लहानपणी तिला तो फार आवडे. शाळेतून आल्यावर दार उघडताच ती छाती भरून घेत असे. घरी धाकट्या भावाचा दंगा असायचा, म्हणून दांडीवरच्या कोटांखाली, पत्र्याच्या पेटीवर बसून ती इथेच अभ्यास करायची. अभ्यासाचा कंटाळा आला की कपड्यांच्या चिठ्ठ्या लिहायची.

चिठ्ठ्यांची बाबांची एक पद्धत होती. कपड्यावर डाग असेल तर गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा : कशाचा? चहाचा, तेलाचा, रक्ताचा, शाईचा. प्रत्येकाचा उपाय वेगळा. उत्तर चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पिनेने कपड्याला लावायची. कसा पडला, हे विचारायचं नाही. "ते विचारलंस की माणूस कशाचा हेसुद्धा खोटं सांगतो," बाबा म्हणत. "मग आपण शाईचा म्हणून लिपस्टिक धूत बसतो." कशाचा ते कळलंच नाही तर प्रश्नचिन्ह काढायचं आणि साध्या पाण्याने सुरुवात करायची.

मावशी शेवटची पँट इस्त्री करत होत्या. साठीच्या आसपासच्या, दंडाने भक्कम, बोलायला त्याहून भक्कम. बाबांना त्या भाऊ म्हणत.

"मालकीणबाई आल्या," त्या म्हणाल्या. "बघून घ्या, क्रीज सरळ आहे की नाही."

"मावशी, एक बोलायचं होतं."

"बोल की. इस्त्रीला कान नसतात."

ती पेटीवर बसली. सगळं वाक्य घरून तयार करून आणलं होतं. घाबरवू नका, पण सांगा. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"वास किती कोंडलाय. पंखा लावू का?"

मावशी खळखळून हसल्या. "लाव बाई, लाव! आता कुठे बॅरिस्टरांचा अभ्यास चाललाय!"

"म्हणजे?"

"विसरलीस? तुझ्या त्या मोठ्या परीक्षेच्या वर्षी काय गोंधळ घातला होतास! मी नुकती कामाला लागले होते. याच पेटीवर बसून भोकाड पसरलंस, या घरघरीत मला एक ओळ पाठ होत नाही, नापास झाले तर पंख्यामुळे. भाऊ उठले, बटण दाबलं. म्हणाले, पोरीच्या अभ्यासापुरता पंखा बंद. मग काय, तू दारात दिसलीस की मी ओरडायची, भाऊ, पंखा बंद करा, बॅरिस्टर आल्या!"

तिला आठवलं. हाकही आठवली. त्या हाकेने तेव्हा किती फुशारल्यासारखं व्हायचं, तेही आठवलं. आपल्यासाठी एक अख्खं यंत्र गप्प होतं.

"पण परीक्षा झाली की मग..."

"मग पुढची परीक्षा. मग तुझं कॉलेज. पाच-सहा वर्षं तुझं काही ना काही चालूच होतं. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा भाऊंनी एकदा लावला. दिवसभर चालला. संध्याकाळी म्हणाले, बाहेर गिऱ्हाईक हाक मारतं ते ऐकू येत नाही, राहू दे. शांततेची सवय लागली होती ना."

इस्त्रीने फुस्सकन वाफ सोडली. मावशींनी पँट उलटी केली.

ती मशीनच्या वर पाहत होती. भिंतीतल्या चौकोनात पंख्याची चार पाती धुळीने एकजीव झाली होती. बटण दाराशी होतं, तिच्या डोक्याच्या उंचीवर. समोर बटण आहे, हात वर करायचा अवकाश. डॉक्टरांच्या खोलीत तिने हे म्हटलं तेव्हा बाबांना एक वाक्य बोलता आलं असतं. हिच्या अभ्यासासाठी बंद केला. एवढं बोलले असते तर तिची जीभ टाळ्याला चिकटली असती. ते बोलले नाहीत. नखं पाहिली आणि दोन शब्दांत सगळं स्वतःच्या नावावर करून मोकळे झाले. आणि तिने ते होऊ दिलं. शिवाय घरी येऊन भावाला फोनवर सांगितलं, की बघ, स्वतःच कबूल केलं त्यांनी.

तिला आता मावशींना विचारायचं होतं : मी केलं का हे? उत्तर तिला ठाऊक होतं. मावशी म्हणाल्या असत्या, वेडी का तू, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतं. डॉक्टरांनाही विचारलं असतं तर ते पुन्हा तेच म्हणाले असते, या एका माणसात सांगता येणार नाही. प्रश्नचिन्ह. तिला शिक्षाही मिळाली नसती आणि सुटकाही. पण निदान रडता आलं असतं. मावशींनी इस्त्री बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता, मग दोघींनी चहा घेतला असता.

आणि वहीतली चौकट आणखी एकदा राहून गेली असती.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पेटीवरून उठली होती. उभ्या उभ्याच बोलली.

"मावशी, इस्त्री जरा ठेवा. या खोलीतली वाफ चांगली नाही. बाबांना त्यानेच झालं असं कोणी सांगू शकत नाही, पण कदाचित त्यानेही असेल. डॉक्टर म्हणाले होते, इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने लघवी तपासून घ्यावी. तुम्हीसुद्धा. काहीच नसेल कदाचित."

मावशींनी इस्त्री उभी केली. "कधी म्हणाले होते?"

नेमका तोच प्रश्न.

"आठ महिने झाले."

"आठ महिने."

"हो."

"भाऊंना माहीत होतं?"

"ते तिथेच बसले होते. पण सांगते असं मी म्हटलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. माझं राहून गेलं."

मावशींनी पँटची घडी घातली. मोडली, पुन्हा घातली. बाहेर काका कोणाला तरी सांगत होते, "वाघासारखे लढले हो, वाघासारखे."

"बरं केलंस सांगितलंस, असं मी म्हणायचं का आता?" मावशी म्हणाल्या. "नाही म्हणणार."

"नका म्हणू."

"आठ महिने मी इथे येऊन भाऊंचं काम ओढत होते. तू रोज फोन करायचीस. मावशी, कोटांचं झालं का, मावशी, वीजवाला आला का. एका फोनवर झालं असतं."

"हो."

"नुसती हो हो काय करतेस!" मावशींनी टेबलावर हात आपटला. मग त्याच हाताने टेबलावरची सुरकुती सारखी करत राहिल्या. मान वर न करता, अगदी हळू म्हणाल्या, "मध्यंतरी लघवी लाल झाली होती."

मग डॉक्टरला दाखवलं का नाही? आम्हाला सांगितलं का नाही? सगळे प्रश्न रांगेत येऊन उभे राहिले, सगळे एकाच सुरातले, मुख्याध्यापकबाईंच्या, विमा एजंटाच्या, तिच्या स्वतःच्या. मध्ये ते टेबल होतं, बाटल्यांचं.

"कधी?" तिने एवढंच विचारलं.

"थंडीत. दोनदा. दुखलंबिखलं काही नाही. बीट खाल्लं असेल म्हटलं." मावशींनी नाक ओढलं. "आणि तिकडे भाऊंचं एवढं चाललं होतं. सगळे म्हणत होते, भाऊ लढतायत, भाऊ लढतायत. त्यात मी कुठे माझं रडगाणं घेऊन येऊ?"

तिने खिळ्याला अडकवलेल्या गड्डीतली एक चिठ्ठी ओढली आणि बाबांच्या पेन्सिलीने लिहिलं : लाल. दोनदा. थंडीत. दुखलं नाही. अक्षर वाचण्याजोगं आलं. चिठ्ठी तिने मावशींपुढे धरली. मावशींनी चष्मा खाली ओढून ती वाचली.

"कशाने ते नाही लिहिलंस."

"माहीत नाही. प्रश्नचिन्ह काढते."

"काढ."

तिने काढलं. मग दाराशी गेली आणि बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग पात्यांनी एक कण्हल्यासारखा आवाज केला, धुळीचा एक लोट खाली आला, आणि पंखा असा धडधडायला लागला की बाटल्या एकमेकींवर किणकिणू लागल्या. या आवाजात एक ओळ पाठ होणं खरोखरच शक्य नव्हतं. हे तिला पटलं, आणि पटल्याने काहीही हलकं झालं नाही.

"उद्या सकाळी येते," ती ओरडून म्हणाली. "त्याच डॉक्टरांकडे. दोघी जाऊ."

"काय?"

"उद्या! सकाळी!"

"आणि तिथे जाऊन मला लढा म्हणणार असशील तर मी एकटी जाईन," मावशीही ओरडल्या. "मला नाही कुणाशी लढायचं. गुडघे गेलेत माझे."

"नाही म्हणणार!"

"मग काय म्हणशील?"

गेल्या आठ महिन्यांतले सगळे शब्द एकेक करून समोर आले आणि तसेच गेले. त्यांतला एकही मावशींच्या हातात ठेवण्याजोगा नव्हता.

"बाटली लागेल," ती ओरडली. "लघवीची! मी घेऊन येते! उपाशीपोटी यायचं का, तेही विचारून ठेवते!"

"हां," मावशी म्हणाल्या. "हे बरं."

दारात काका येऊन उभे होते, हातात कोणाचा तरी शर्ट. त्यांच्या मागे, काउंटरपलीकडे, दोन गिऱ्हाइकं माना उंचावून आत पाहत होती.

"अगं, काय हा आवाज!" काका ओरडले. "बाहेर एक शब्द ऐकू येत नाही. बंद करू का?"

त्यांचा हात बटणाकडे गेलाही होता.

"नको," ती म्हणाली, आणि ते त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मध्ये जाऊन उभी राहिली.